विषयांतर : अमेरिकेचा आरंभीचा इतिहास आणि त्याचे मराठी वाचक

१

विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स प्रत मागवता येते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. ऐन तारुण्यात प्रथम वर्षानंतर कॉलेज सुटले ते सुटलेच. पुढची तीस वर्षे आंब्याच्या पेट्यांचा आणि काजूबियांचा हिशेब लिहिण्यात गेली. वाचन सुटले नाही, एवढेच. पावसहून रत्नागिरीला कामासाठी गेलो की परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत नगर वाचनालयात बसायचे, हा शिरस्ता. १८२८ साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयानेच मला शिकवले असे म्हणायला हरकत नाही. पण पदवी नव्हती. म्हणून काही वर्षांपूर्वी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इतिहास विषय घेऊन बी.ए.ला बसलो. त्यात अमेरिकेच्या इतिहासाची एक प्राथमिक अभ्यासपत्रिका होती.

प्रश्न साधा होता. अमेरिकेतील गुलामगिरीचा उदय आणि परिणाम स्पष्ट करा, गुण दहा. मी तीन पाने लिहिली. त्यातल्या एका पानावर लिहिले की, या गुलामगिरीच्या इतिहासाचा सर्वांत खोल परिणाम ज्या मराठी पुस्तकावर झाला ते जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी'. गुण अपेक्षेपेक्षा फार कमी पडले म्हणून प्रत मागवली. त्या पानावर लाल शाईची एक उभी रेघ होती आणि समासात एकच शब्द : विषयांतर.

परीक्षकांवर माझा राग नाही. शेकडो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात माझे पान वाचले गेले, हेच पुष्कळ. पण तो शब्द मनातून गेला नाही. कारण प्रश्न एका पानाचा राहिला नव्हता. पावसमध्ये बसून अमेरिकेचा आरंभीचा इतिहास वाचणाऱ्याने आपला इतिहास बाजूला ठेवून वाचायचे की सोबत घेऊन? आणि सोबत घेतला तर ते विषयांतर होते की विषयप्रवेश? प्रस्तुत लेख म्हणजे त्या लाल रेघेला दिलेले, थोडे लांबलेले उत्तर आहे.

२

आधी पाठ्यपुस्तकांविषयी. त्या अभ्यासासाठी मी तीन मराठी पाठ्यपुस्तके वापरली. नावे देत नाही, कारण दोष कोणा एका लेखकाचा नाही. तिन्ही पुस्तके एकमेकांची भावंडे शोभावीत अशी आहेत. कोलंबस, तेरा वसाहती, स्वातंत्र्ययुद्ध, संविधान, वॉशिंग्टन, जेफरसन. पुढे यादवी युद्ध आणि लिंकन. प्रत्येक प्रकरणात कारणे, घटना, परिणाम. सनावळी बहुधा बिनचूक. या पुस्तकांचे ऋण मी मानतो. क्रम लागल्याशिवाय इतिहास कळत नाही आणि हा क्रम मला त्यांनीच लावून दिला.

अडचण आहे ती शब्दांची. पहिलाच शब्द घ्या : शोध. 'कोलंबसाने १४९२ साली अमेरिकेचा शोध लावला' हे वाक्य आपण शाळेपासून पाठ केले. मराठीत शोध घेणे वेगळे आणि शोध लावणे वेगळे. कोलंबस शोध घेत होता आपल्या देशाचा, पूर्वेकडच्या इंडीजचा. सापडले भलतेच, आणि तिथल्या माणसांना त्याने नाव दिले इंडियन. म्हणजे या इतिहासाच्या पहिल्याच ओळीत आपण आहोत, चुकून का होईना. तिन्ही पाठ्यपुस्तके ही चूक एका वाक्यात नोंदवतात आणि पुढची सगळी पाने त्या लोकांना 'रेड इंडियन' म्हणत राहतात. जेम्सटाउनच्या आसपासचे पौहॅटन, प्लिमथजवळचे वॉम्पनोॲग, कनेक्टिकटमधले पीक्वॉट, न्यू यॉर्कच्या बाजूची इरोक्वॉयांची संघटना, ही वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या राजकारणांची माणसे. मराठी विद्यार्थ्याला ती एकाच रंगाची एक जमात वाटतात.

दुसरा शब्द वसाहत. आपल्याकडे हा शब्द आता इतका घरगुती झाला आहे की औद्योगिक वसाहत, शिक्षक वसाहत, पोलीस वसाहत म्हटले की डोळ्यांपुढे चाळी, पाण्याची टाकी आणि नावाची पाटी येते. 'इंग्रजांनी १६०७ साली जेम्सटाउन येथे पहिली कायमची वसाहत केली' असे वाचताना मोकळ्या माळावर घरे उभी राहिल्याचे चित्र दिसते. माळ मोकळा नव्हता. १६२० साली 'मेफ्लॉवर'मधून उतरलेल्यांनी जिथे प्लिमथ वसवले ते पटक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते उजाड झाले. शेते साफ केलेली होती, त्यांत पेरणारी माणसे मेली होती. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते, 'त्यांना सुपीक जमीन मिळाली.' मिळाली हे खरेच. कोणाची, हा प्रश्न 'मिळणे' या क्रियापदाला विचारता येत नाही.

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न सुचू नये हे मला नवल वाटते. आमच्या आजोबांच्या तरुणपणी आमच्या घराखालची जागासुद्धा खोताच्या नावावर होती. आजोबा कूळ. भात लावणारा एक, खंड मोजून घेणारा दुसरा, आणि कागदावर नाव तिसऱ्याचेच, असे प्रकार रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर ऐकायला मिळतात. १६२६ साली डच लोकांनी मॅनहॅटन बेट ६० गिल्डर किमतीला 'विकत घेतले', हे अमेरिकेच्या इतिहासातले सर्वांच्या आवडीचे वाक्य. त्या व्यवहाराचे खरेदीखत आज अस्तित्वात नाही. उरले आहे ते त्याच वर्षी एका डच अधिकाऱ्याने लिहिलेल्या पत्रातले एक वाक्य. देणाऱ्यांनी नेमके काय दिले असे त्यांना वाटत होते, कायमची मालकी की राहण्या-वापरण्याची मुभा, याचा कागद कोणी केला नाही. अंगठा कशावर उठवला हे आजीला ठाऊक नव्हते, अशी गोष्ट ज्या घरांत सांगितली जाते त्या घरातल्या विद्यार्थ्याने हे वाक्य वाचून थांबायला हवे. पण पुस्तक त्याला थांबू देत नाही. पुढचा मुद्दा येतो.

तिसरा शब्दप्रयोग : बोस्टनची चहापार्टी. तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे.

३

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या सुमारे ३४० पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. फेकणाऱ्यांपैकी अनेकांनी मोहॉक लोकांचा वेश केला होता. ज्यांची जमीन घेतली त्यांचेच सोंग घेऊन राजाशी भांडायचे, हा त्या रात्रीचा एक अर्थ मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडला नाही. दुसरा अर्थ तर आपल्या अगदी दारातला आहे. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता.

पाठ्यपुस्तकांत हे नाव येते, पण ही तीच कंपनी आहे याची जाणीव विद्यार्थ्याला करून दिली जात नाही. आपल्या अभ्यासक्रमात आधुनिक भारताचा इतिहास ही एक अभ्यासपत्रिका आणि अमेरिकेचा इतिहास ही दुसरी. कंपनी पहिल्या पुस्तकात राज्य करते, दुसऱ्या पुस्तकात चहा विकते, आणि दोघींची गाठ पडत नाही. वस्तुतः १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर आणि स्वतःच्या उधळपट्टीने कंपनी बुडायच्या बेताला आली. तिने सरकारकडे कर्ज मागितले. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ साली दोन कायदे केले. एकाने कंपनीच्या गोदामात साठलेला चहा अमेरिकेत खपवायची सोय केली. दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट. त्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर सरकारी लगाम घातला आणि तह-युद्धाच्या बाबतीत मुंबई-मद्रासकरांना कलकत्त्याच्या अधिकाराखाली आणले.

पहिल्या कायद्याचे परिणाम बोस्टनमध्ये दिसले. दुसऱ्याचे पुण्यात. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. कलकत्त्याच्या कौन्सिलने रेग्युलेटिंग ॲक्टच्या जोरावर हा तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. म्हणजे फिलाडेल्फियात ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच्या चार महिने आधी नाना फडणीस आणि सखारामबापू त्याच साम्राज्याशी वाटाघाटी करून मोकळे झाले होते. लेक्सिंग्टनची चकमक एप्रिल १७७५ ची. वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली जानेवारी १७७९ मध्ये. यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला ऑक्टोबर १७८१ मध्ये. सालबाईचा तह मे १७८२ चा, पॅरिसचा १७८३ चा. एकाच दशकात एकाच सत्तेशी दोन खंडांत युद्ध चालले होते. फ्रेंचांचा वकील सेंट ल्यूबिन १७७७ साली पुण्यात येऊन राहिला होता आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सने अमेरिकनांशी तह केला, हेही याच पटावर मांडून पाहण्यासारखे आहे.

यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पाठ्यपुस्तकातून तिथेच नाहीसा होतो. दुसरे पुस्तक उघडावे तर तो १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून हजर. टिपूविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात हरिपंत फडके यांच्या फौजा त्याच्या बाजूने होत्या. अमेरिकेने हरवलेल्या सेनापतीला आपण मदत केली, हे वाक्य कोणत्याच अभ्यासपत्रिकेत बसत नाही, कारण ते दोन अभ्यासपत्रिकांच्या मधल्या जागेत पडले आहे. मी ज्याला इतिहासाचे वाचन म्हणतो ते बहुतेक याच मधल्या जागेत घडते.

४

ही मधली जागा आपल्याकडच्या काही वाचकांनी फार पूर्वी हेरली होती. अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासाचा अभ्यास मराठीत विद्यापीठांनी सुरू केला असे आपण समजतो. तो त्याआधीच सुरू झाला होता.

'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात 'शतपत्रे' लिहिणारे लोकहितवादी इंग्रजी राज्याला ईश्वरी योजना मानणारे. तरी त्यांच्या लेखनात असा विचार येतो की, हे लोक आपल्याला शहाणे करतील, मग आपण राज्यकारभारात वाटा मागू, आणि त्यात त्यांनी आडकाठी केली तर अमेरिकेत झाले तसे होईल. हा अमेरिकन क्रांतीचा दाखला १८५७ च्या आधीचा आहे, हे विसरता कामा नये. पण लोकहितवादींच्या अमेरिकेत राहतात ते राजाशी भांडून सुटलेले गोरे लोक. गुलाम आणि मूळ रहिवासी त्या दाखल्याला लागत नाहीत. एका अर्थी आजचे पाठ्यपुस्तक लोकहितवादींचे वारस आहे. अमेरिकेचा इतिहास म्हणजे शहाण्या झालेल्या लोकांनी मिळवलेले स्वातंत्र्य, ही त्याची मांडणी.

जोतीराव फुले यांनी दाखला उलटा धरला. तरुणपणी त्यांनी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हेही सर्वश्रुत आहे. १८७३ सालचे 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, असा त्या अर्पणाचा आशय. शाळा-कॉलेजात फुले शिकवताना या अर्पणाचा उल्लेख होतो. पण पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेतले दुसरे एक विधान मला अधिक महत्त्वाचे वाटते. नव्या जगात प्रथम वस्ती करताना युरोपियनांनी तिथल्या इंडियनांवर जे अत्याचार केले त्यांची जोड आर्यांनी इथल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या अत्याचारांत सापडते, असे फुले तिथे म्हणतात.

म्हणजे फुल्यांनी अमेरिकेच्या इतिहासाची दोन्ही टोके हातात घेतली. एका टोकाला जमीन बळकावणे, दुसऱ्या टोकाला गुलामांची मुक्ती. मधले १७७६, ज्यावर पाठ्यपुस्तकाचा सगळा भर, ते त्यांच्या युक्तिवादाच्या केंद्रस्थानी नाही. हे अज्ञान नव्हते, ही निवड होती. ज्याला शेंडीपासून टाचेपर्यंत दास्याचा हिशेब मांडायचा आहे तो राजा कोणी बदलला हे विचारत नाही, गुलाम कोण राहिला हे विचारतो. आणि हा प्रश्न अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासाला तंतोतंत लागू पडतो. व्हर्जिनियात १६१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इंग्रज वसाहतींची पहिली प्रतिनिधिसभा भरली आणि काही आठवड्यांतच वीसेक आफ्रिकी माणसे तिथल्या किनाऱ्यावर विकली गेली. १७८७ च्या संविधानाने प्रतिनिधित्वासाठी गुलामाला तीनपंचमांश माणूस धरले आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही अशी तरतूद केली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांपैकी जवळजवळ ७ लाख गुलाम होते, म्हणजे साधारण सहा माणसांमागे एक. सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे होती.

फुल्यांचे वाचन निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकनांच्या सदाचाराचे त्यांनी केलेले कौतुक सढळ हाताचे आहे. 'गुलामगिरी' निघाले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांनी काळ्या नागरिकांची कत्तल केली होती आणि चार वर्षांत मुक्त गुलामांना दिलेले राजकीय संरक्षणही उत्तरेने काढून घेतले. फुल्यांना मुक्तीचा कायदा दिसला, त्यानंतरची परतफेड दिसली नाही. तसेच आर्य आक्रमणाची त्यांची मांडणी त्या काळच्या सिद्धान्तावर उभी आहे आणि आज ती तशीच्या तशी कोणी इतिहासकार स्वीकारणार नाही. पण उपमानाची एक बाजू ढासळली म्हणून प्रश्न ढासळत नाही.

५

कोलफॅक्सनंतरची अमेरिका डोळ्यांनी पाहून आली ती पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. हे प्रवासवर्णन म्हणून गणले जाते आणि म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. माझ्या मते अमेरिकेच्या इतिहासाचे, राज्यपद्धतीचे आणि समाजस्थितीचे मराठीतले ते पहिल्या दर्जाचे प्राथमिक पुस्तक आहे.

त्याची रचना पाहा. प्रवासानंतर रमाबाई थेट अमेरिका खंडाच्या हकिकतीकडे वळतात. आपल्या पुराणांतल्या पाताळाची कल्पना घेऊन वाचकाला त्या पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला नेतात. कोलंबसाची गोष्ट सांगतात आणि ती सांगतानाच युरोपियनांनी मूळ रहिवाशांची काय दशा केली हेही सांगतात. लोभापायी झालेला तो छळ त्या लपवत नाहीत. मग राज्यपद्धती, मग घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, आणि सविस्तर लिहिलेले स्त्रियांच्या स्थितीचे प्रकरण. पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ही अनुक्रमणिका ताडून पाहिली की फरक कळतो. पाठ्यपुस्तकात राज्यपद्धतीपाशी प्रवास संपतो. रमाबाईंचा तिथे सुरू होतो. या राज्यात बाई कुठे आहे? तिला शिकता येते का, मिळकत बाळगता येते का, मत देता येते का? स्वातंत्र्य मिळवलेल्या देशाने अर्ध्या माणसांना मतदानाबाहेर ठेवले, ही विसंगती मराठी वाचकाला त्यांनी १८८९ सालीच दाखवली. अबिगेल ॲडम्सने मार्च १७७६ मध्ये नवऱ्याला पत्र लिहून नव्या कायद्यांत बायकांचा विचार करा म्हणून बजावले होते. जॉन ॲडम्सने ते हसण्यावारी नेले. रमाबाई ज्या चळवळीच्या बायकांत वावरल्या त्यांची लढाई तिथपासूनची होती.

इथेही टीका करायला जागा आहे. रमाबाईंच्या यजमान बहुतेक सुखवस्तू, धर्मनिष्ठ गोऱ्या स्त्रिया. त्या घरांच्या दिवाणखान्यातून अमेरिका जशी दिसते तशी पुष्कळदा पुस्तकात दिसते. वर्णद्वेषाची नोंद त्या घेतात, त्याची निंदाही करतात, पण मुक्त झालेल्या गुलामांच्या वस्तीत शिरून त्यांचे जगणे त्यांनी मांडले असते तर हे पुस्तक आणखी मोठे झाले असते. तरीसुद्धा परदेश पाहायचा तो आपल्या देशातले कोणते दुखणे बरे करण्यासाठी, हे ठरवून पाहायचे, ही त्यांची शिस्त आजच्या अभ्यासक्रमात कुठे आहे?

६

चौथा वाचक आमच्याच जिल्ह्याशी नाते सांगणारा. आंबडवे मूळगाव आणि दापोलीला बालपणीची काही वर्षे काढलेले भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ १७५४ साली 'किंग्ज कॉलेज' म्हणून स्थापन झाले. क्रांतीनंतर राजाचे नाव टाकून १७८४ मध्ये ते कोलंबिया झाले. अर्थशास्त्राबरोबर इतिहासाचे अनेक अभ्यासक्रमही आंबेडकरांनी तिथे घेतले. पुढे गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी पुन्हा पुन्हा केली, आणि ती फुल्यांपेक्षा वेगळी आहे. फुल्यांनी साम्य दाखवले. आंबेडकरांनी फरक दाखवला. गुलामगिरी उघड असते, गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते आणि मालकाला निदान मालमत्ता म्हणून त्याची काळजी असते. अस्पृश्यता ही आडून लादलेली गुलामी आहे आणि तिच्यात ही काळजीदेखील नाही, असे त्यांचे प्रतिपादन. १९४६ साली त्यांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेल्या जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. चाळीस वर्षे झाली तरी न्यू यॉर्कला शिकलेला विषय संपला नव्हता, असे म्हणायला तीसच वर्षे उलटली होती एवढीच दुरुस्ती मला करावी लागेल.

हा फरक समजून घ्यायला अमेरिकेच्या आरंभीच्या इतिहासातला एक कायदा फार उपयोगी पडतो. तिन्ही पाठ्यपुस्तकांत तो नाही. व्हर्जिनियाच्या सभेने १६६२ साली असे ठरवले की, मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या परंपरेत मूल बापाचे. इथे मुद्दाम आई धरली, कारण गोऱ्या मालकापासून गुलाम बाईला झालेले मूल त्यामुळे मालकाचीच मालमत्ता ठरत होते. या एका ठरावाने गुलामी विकत घेण्याची गोष्ट न राहता जन्माची गोष्ट झाली. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता त्या वर्षी समुद्रापलीकडे हे चालले होते. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे मराठी विद्यार्थ्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. पण तिथे ती पायरी कोणत्या साली, कोणत्या सभेत, कोणाच्या फायद्यासाठी ठरवली गेली हे सांगता येते, आणि ठरवलेली गोष्ट मोडताही येते. मला या अभ्यासातून मिळालेली ही सर्वांत मोलाची गोष्ट. जे अनादी म्हणून सांगितले जाते त्याची तारीख शोधायची सवय त्यातून लागली.

आजोबांच्या जमिनीचेही तेच झाले. खोती देवाने दिली अशा सुरात जुने लोक बोलत. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. अखेर खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. देवाच्या देणगीला सुरुवात होती आणि शेवटही.

७

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच घेतो. परक्या इतिहासाचा आरसा करायचा आणि त्यात फक्त आपलाच चेहरा पाहायचा, हेही प्रामाणिक वाचन नव्हे. वॉम्पनोॲग लोक कोकणातल्या कुळांसाठी मेले नाहीत. १६७५-७६ मध्ये, रायगडच्या राज्याभिषेकानंतर वर्षभराने, त्यांचा सरदार मेटाकॉम इंग्रजांविरुद्ध उठला आणि त्या युद्धात त्याच्या लोकांचा जवळजवळ नायनाट झाला. त्याला 'अमेरिकेचा शिवाजी' म्हटले की आपल्याला बरे वाटते, आणि मेटाकॉमची गोष्ट मात्र पुसली जाते. तुलना करायची तर फरकापर्यंत जायला हवे, जसे आंबेडकर गेले. परीक्षकांच्या लाल रेघेत एवढे तथ्य आहे हे मी आता मान्य करतो. माझ्या त्या पानावर फुले होते, पण व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा नव्हता. तो मला तेव्हा माहीतच नव्हता. आपला इतिहास मी सोबत नेला, त्यांचा पुरेसा नेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला हाच विषय आला. पावसाळ्यात गौतमी नदीला पूर होता, कॉलेजला जायची सोय नव्हती, म्हणून पुस्तक घेऊन ती आमच्या पडवीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, ह्याचा आपल्याला उपयोग काय? आपण कुठे अमेरिकेला जाणार?" समोर बाग होती. मी तिला काजू दाखवला. ते झाड ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी आणलेले, नावसुद्धा तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आलेले. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, अननस तिकडचा, पेरूही तिकडचाच. आपल्या कलमी हापूसच्या नावातही एक पोर्तुगीज गव्हर्नर बसला आहे. ज्या जहाजांनी तिकडची गावे उजाड केली त्यांच्याच पाठोपाठ निघालेल्या जहाजांनी आपले परसू भरले. ती म्हणाली, "म्हणजे आपण फायद्यात राहिलो?" मला लगेच उत्तर देता आले नाही. आजही पूर्ण देता येत नाही. पण असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला म्हणजे विषय सुरू झाला असे मी समजतो.

अभ्यासमंडळांना सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. एका वाचकाची सूचना म्हणून एवढेच लिहितो. अमेरिकेच्या इतिहासाच्या मराठी अभ्यासपत्रिकेत फुल्यांची इंग्रजी प्रस्तावना आणि रमाबाईंची दोन प्रकरणे नेमावीत. १७७३ सालचे दोन्ही कायदे एकाच तासाला शिकवावेत. आणि विद्यार्थ्याने उत्तराच्या एखाद्या पानावर आपले गाव आणले तर रेघ मारण्याआधी ते पान शेवटपर्यंत वाचावे.

पुतणीने परीक्षेत काय लिहिले ते मी विचारले नाही. मात्र परवा तिच्या पुस्तकात 'शोध' या शब्दाखाली पेन्सिलीने ओढलेली रेघ दिसली, आणि समासात तिच्या अक्षरात प्रश्नचिन्ह.